यमूच्या मागे धावणारा धोंडूमामा

एक होतं राज्य. केवढं? मोहरीच्या दाण्यात लाखभर मावतील, एवढंसं. शाळेत त्याला पेशी म्हणतात. म्हणू देत बापडे. माझी शेवंतामावशी दवाखान्यात नर्स होती. मला थोपटत ती ही गोष्ट सांगायची आणि राज्यच म्हणायची. तिच्या हाताचा तो साबणाचा वास अजून आठवतो, अन् जीव कसा गलबलतो.

तर त्या राज्यात मधोमध एक लांबच लांब पोथी होती. ती बाहेर न्यायची नाही, असा नियम. काही हवं झालं की यमू नावाची पोरगी पोथीवरून चालत तेवढा मजकूर उतरवून घ्यायची. तिच्या लेखणीतून कागदाची पट्टी निघत जायची, बरं का. पण एक खोड होती. यमू चालायला लागली की तिला थांबताच यायचं नाही.

म्हणून सोबत दोघं असायची. शेवटाची खूण आली की कातरकाकू पट्टी कापायची. कापलेली नक्कल कामाला जायची. यमू आपली पुढेच, आणि मागे नवी पट्टी लोंबतेय. मग धोंडूमामा ते टोक धरायचा, पट्टी खात खात धावायचा, यमूला गाठून ढकलायचा. यमू धपकन खाली. मावशी या दोघांना प्रथिनं म्हणायची. मी आपली माणसं म्हणते.

एकदा राज्याला जखम झाली. कातडी सांधायचा मजकूर हवा होता. एकदा उतरवला, मामाने ढकललं. दुसऱ्यांदा उतरवला, पुन्हा ढकललं. यमूचं कोपर खरचटलं. तिसऱ्या वेळी ती फणकारली, "मी काय कुक्कुलं बाळ आहे? माझी मी थांबेन. मामा, तुम्ही घरी बसा."

मामा निघून गेला.

मग खूण आली. काकूने पट्टी कापली. यमू म्हणाली, थांबू. पाय थांबेनात. आणि पुढचं पान होतं सुजेचं. ते उतरलं असतं तर सगळं राज्य सुजून फुटलं असतं. यमूने कान दिला. मागे पावलं वाजत नव्हती. त्याच पावलांचा तिला रोज राग यायचा हो. आता रडू कोसळलं. तिने मामाला हाक मारली.

मामा कुठला घरी जातोय? कडेलाच बसला होता. उठला. पट्टी केवढी लांब झालेली! खात सुटला, ठेचाळला, धापा टाकत धावला. सुजेच्या पानाला यमूचं पाऊल टेकणार, तोच त्याने ढकललं. दोघंही खाली. यमू त्याच्या गळ्यात पडली.

"मामा, उद्या याल ना?"

"तू चालायला लागलीस, की मी निघालोच समज."

मग जखम भरली. राज्य सुखात राहिलं. तुमच्या अंगातही अशी खूप राज्यं आहेत. मोजत बसू नका, डोळे मिटा. मामा जागा आहे.