सभापतींचा थर्मामीटर

बोरखेडच्या शाळेच्या मैदानात संशोधकांनी पांढरी, झडपांची पेटी उभारली होती. आत ऊन नाही, फक्त खेळती हवा! त्यांच्यातली तनुजा बोंद्रे गावाला आतला थर्मामीटर दाखवत होती. तेवढ्यात सभापती दौलतराव कडाडले, "तुमच्या पेटीत एक्केचाळीस, आणि माझा थर्मामीटर गाडीच्या बॉनेटवर अठ्ठावन्न दाखवतोय! खोटं यंत्र! उद्याच उचला!"

 तनुजानं सभापतींचाच थर्मामीटर पेटीत टांगला. पारा उतरू लागला, तसा गावानं गलका केला, "पन्नास! पंचेचाळीस! एक्केचाळीस!" पारा थांबला.

"मग मघाचे अठ्ठावन्न कुणाचे?" सभापती गुरगुरले.

"बॉनेटचे, साहेब. आम्ही हवेचा ताप बघतो. नातू तापला, तर थर्मामीटर त्याच्या काखेत लावता, की चुलीवरच्या तव्याला?"