पाहुण्यांची घागर

फार जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की तेव्हा त्या बेटाला नावसुद्धा नव्हतं. एके दिवशी समुद्रापलीकडून चार गलबतं तिथे येऊन लागली. माणसं दमलेली, उपाशी. बेटावरचे डोंगरातले लोक खाली आले आणि म्हणाले, "या पाहुणे!"

डोंगरातल्या लोकांची एक रीत होती. पाहुण्यानं पाणी भरायचं नाही, यजमानानं भरून द्यायचं. म्हणून रोज सकाळी गलबतवाल्यांच्या दारात भरलेल्या घागरी येत. वर्षं गेली. गलबतवाल्यांनी घरं बांधली, माड लावले, त्यांना नातवंडं झाली. घागरी आपल्या येतच राहिल्या.

पुढे रायाजी त्यांचा म्होरक्या झाला. माणूस वाईट नव्हता हो, पण "पाहुणे" ऐकलं की त्याच्या कपाळाला आठी पडायची. एकदा तो तडक डोंगरावर भिवरीआजीकडे गेला. ती तिथली वडीलधारी.

"आजी, माझा जन्म इथला. आता तुम्ही सगळ्यांनी आम्हाला मालक म्हणायचं."

"नीट विचार केलास ना, बाबा?"

"केला."

"बरं, मालक."

रायाजी मोठ्या ऐटीत घरी आला. दुसऱ्या दिवशी दारात घागर नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. किनाऱ्यावर खणलं, तर खारट पाणी लागलं. गोड्या पाण्याचा झरा कुठे आहे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं! इतकी वर्षं आयतं पाणी प्यायले, पण एकानं तरी विचारलं होतं का?

रायाजीची दोन वर्षांची नात तहानेनं निपचित पडली. तेव्हा मात्र तो धापा टाकत डोंगर चढला.

"आजी, पाणी का गं बंद केलंस?"

आजीला खरंच नवल वाटलं. "अरे, मालकाच्या दारात पाणी नेऊन ठेवायचं? केवढा अपमान तो! मालकाला आपला झरा ठाऊक असतोच की."

रायाजीला रडू फुटलं. "मला काही ठाऊक नाही, आजी. नात जाईल माझी."

"मग बोलत काय बसलास?" म्हणत आजीनं घागर उचलली आणि ती झपाझप उतरू लागली. पोरगी पाणी प्यायली, तिनं डोळे उघडले. सगळ्यांच्या जिवात जीव आला.

"आजी, मला झरा दाखव," रायाजी म्हणाला. "यापुढे तुझं पाणी मी भरीन."

दुसऱ्या दिवशी पहाटे तो खांद्यावर भरलेली घागर घेऊन आजीच्या दारात उभा राहिला. आजी त्याला पाहुणा म्हणाली नाही की मालक म्हणाली नाही.

ती म्हणाली, "आलास का रे घरी?"

तर यातून घ्यायचं ते एवढंच: आपल्याला काय म्हणावं, हे हक्कानं मागून मिळत नाही. ज्यांच्या मातीत राहतो त्यांच्यासाठी खांद्यावर घागर घेतली, की 'आपला माणूस' हे नाव आपोआप मिळतं.