पारव्याची शेवटची शर्यत

एकदा एका नदीकाठच्या पेठेत एक वृद्ध अश्ववैद्य राहत असत. घोड्याच्या अंगावरून नुसता हात फिरवून ते त्याचे दुखणे सांगत, आणि मालकाच्या तोंडाकडे पाहून त्या दुखण्याचे कारण सांगत, अशी त्यांची ख्याती होती. यातली दुसरी विद्या मालकांना फारशी रुचत नसे. एक शिष्य त्यांच्याजवळ बरीच वर्षे राहून ही विद्या शिकत होता.

त्याच पेठेत त्र्यंबकशेठ नावाचे धान्याचे एक व्यापारी होते. त्यांच्या घोड्याचे नाव पारवा. अंग करड्या रंगाचे आणि मानेवर निळसर झाक, म्हणून ते नाव. दरवर्षी देवीच्या यात्रेत घोड्यांची शर्यत होई, आणि पारव्याने ती सलग सात वर्षे जिंकली होती. त्र्यंबकशेठांना मूलबाळ नव्हते. पत्नी गेल्यापासून तर दिवसभरातले सुखदुःख ते पारव्यालाच सांगत. दुकानात गिऱ्हाइकाशी चार शब्द बोलायला कंटाळणारा हा माणूस तबेल्यात तासभर बोलत बसे. लोक हसत, पण त्यांच्या हसण्यात माया होती.

आता पारवा सोळा वर्षांचा झाला होता. मागच्या शर्यतीत तो जेमतेम मानभर पुढे राहिला होता. यात्रा पंधरा दिवसांवर आली तसे शेठजींची अन्नावरची वासना उडाली. अखेर ते वैद्यांकडे आले.

"वैद्यबाबा, यंदा पळवू की नको? माझं मन म्हणतं पळवू नको, आणि मग तेच मन म्हणतं, एकदाच शेवटचं."

"माळावर सरावाची दौड आहे ना परवा? येतो मी," वैद्य म्हणाले.

दौडीच्या दिवशी माळावर ही गर्दी जमली. जो तो अंतिम रेघेपाशी जागा धरून उभा होता. वैद्यबुवा मात्र रेघ ओलांडून तीनशे पावले पुढे गेले, एका बाभळीखाली त्यांनी घोंगडी अंथरली आणि शर्यतीकडे सरळ पाठ करून ते बसले. शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. लोक बोटे दाखवू लागले. म्हातारबुवांची दिशाभूल झाली, असेही कोणी म्हणाले.

"गुरुजी, घोडे तिकडून येणार आहेत," शिष्य हलकेच म्हणाला.

"आणि जाणार इकडेच आहेत. बस खाली."

दौड सुरू झाली. पारव्याने त्या दिवशी कमाल केली. चार-पाच वर्षांच्या ऐन उमेदीतल्या घोड्यांना मागे टाकून तो दोन घोड्यांच्या अंतराने जिंकला. माळ दणाणून गेला. सारे घोडे वेगाच्या भरात वैद्यांच्या पुढून निघून गेले आणि हळूहळू थांबले. लोकांचे डोळे तोवर रेघेवरून निघून एकमेकांकडे वळले होते. थांबणारे घोडे कोण पाहतो?

शेठजी धापा टाकत आले. त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. "पाहिलंत ना बाबा? दोन घोड्यांचं अंतर!"

"नाही पाहिलं."

"अहो, सगळ्या पेठेनं पाहिलं!"

"म्हणूनच मी पाहिलं नाही. शेठजी, त्याला यंदा पळवू नका. यंदाही नाही आणि यापुढेही नाही."

शेठजींचा पारा चढला. "ज्याच्याकडे पाठ करून बसलात त्याचा निकाल देता होय? जिंकलेल्या घोड्याला घरी बसवा म्हणता?"

वैद्यांनी त्यांना घोंगडीवर बसवले. म्हणाले, "घोडा धावतो तेव्हा मागच्या पायांनी रेटतो. त्यात उमेद असते, सवय असते, शेजारच्या घोड्याची ईर्षा असते. दुखणं झाकायला एवढं पुरतं. थांबताना मात्र सगळा भार पुढच्या दोन पायांवर येतो, आणि तिथे काही झाकता येत नाही. बाकीचे घोडे या बाभळीच्या थोडं पुढे जाऊन थांबले. तुमचा पारवा पार त्या बांधापर्यंत गेला. लोकांना वाटलं, अजून दम शिल्लक आहे. शेठजी, त्याला थांबता येत नव्हतं. आणि थांबल्यावर त्यानं उजवा पाय पुढे टेकवून ठेवला, भार न देता. अजून एक शर्यत त्या पायावर घातलीत तर तो रेघ ओलांडेल, कदाचित पहिलाही येईल. पण तिथून चालत घरी येणार नाही."

मग शेठजींनी शेवटचा आधार पुढे केला.

"पण ठरवणारा मी कोण? देवळापुढे त्यानं पाय दिला तर?"

त्या यात्रेत अशी एक चाल होती. शर्यतीआधी एकेक घोडा देवळापुढच्या नगाऱ्यासमोर आणत. नगाऱ्यावर पहिला ठोका पडताच ज्याने पुढचा पाय जमिनीवर आपटला, त्याने 'पाय दिला' असे म्हणत आणि त्याला पळवत. न आपटला तर मालक त्याला मुकाट्याने परत नेई. घोड्याची इच्छा घोड्यालाच विचारायची, अशी त्यामागची समजूत. पारव्याने आजवर कधी पाय चुकवला नव्हता.

वैद्यांचा स्वर मऊ झाला. "शेठजी, शिंगरू होता तेव्हा त्याच्या पुढे डबा वाजवून, गुळाचा खडा देऊन, पाय आपटायला कोणी शिकवलं?"

शेठजींनी मान खाली घातली.

"तीन पायांवर उभा असला तरी तो चौथा आपटेल. ती त्याची इच्छा नव्हे, तुमच्यावरचा विश्वास आहे. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्यालाच तुम्ही विचारता. त्यानं हो म्हटलं की तुमचं ओझं उतरतं. पण ते ओझं तुमचंच आहे. माया केलीत, तेव्हाच ते तुम्ही उचललंत."

शेठजींचे डोळे भरून आले. "शर्यत गेली तर आम्हा दोघांत उरेल काय, बाबा?"

"ते मी सांगून कळायचं नाही. एक करा. यात्रेच्या दिवशी तुम्ही यात्रेला जाऊ नका. नोकरांना सुट्टी द्या आणि स्वतः त्याच्यापाशी थांबा."

शिष्याला हे काही उमगले नाही. घोड्याला विश्रांती हवी हे खरे. पण मालकाला घरात कोंडून काय साधणार? म्हणून यात्रेच्या सकाळी तो मुद्दाम त्र्यंबकशेठांच्या तबेल्याकडे गेला.

शेठजी पारव्याला खरारा करत होते. इतक्यात दूरवरून नगाऱ्याचा पहिला ठोका आला. पारव्याचे कान ताठ झाले. अंगावरून शहारा गेला. आणि त्याने पाय आपटला. दुसरा ठोका पडला, त्याने पुन्हा पाय आपटला आणि मान वळवून शेठजींकडे पाहिले.

शेठजींचा हात नकळत खुंटीवरच्या खोगिराकडे गेला.

"अजून वेळ आहे," ते पुटपुटले. शिष्याशी बोलत होते की स्वतःशी, कोण जाणे. अडवावे तर हा वयाने थोर माणूस, न अडवावे तर घोडा जायचा. शिष्य तबेल्याच्या दारातच घुटमळला. शेठजी खोगिरावर हात ठेवून तसेच उभे राहिले. नगारा वाजत होता, पारवा पाय आपटत होता. मग त्यांनी हात काढला, साधी दोरी घेतली आणि पारव्याला पायीच बाहेर काढले. शिष्यही मागोमाग निघाला.

सुरुवातीला पारव्याने त्यांना अक्षरशः ओढत नेले. तो देवळाकडे वळायला पाहत होता, नाचत होता, फुरफुरत होता. शेठजींचा देह स्थूल, गुडघा अधू. ते फरपटत चालले होते, पण दोरी त्यांनी सोडली नाही. "मी आहे रे, मी आहे ना इथे," एवढेच ते सारखे म्हणत होते. नदीच्या उताराला लागल्यावर त्यांचा गुडघा बोलू लागला. दहा-बारा पावलांवर ते थांबले. पारवाही थांबला. ते चालू लागले, तो चालू लागला. पुन्हा ते थांबले, आणि या खेपेस पारवा त्यांच्याही आधी थांबला. देवळाच्या बाजूने मोठा गलका उठला. कोणाचा तरी घोडा जिंकला होता. पारव्याने एकदा कान टवकारले आणि मग खाली वाकून ओलसर गवताला तोंड लावले.

शेठजी तिथेच बांधावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. शिष्याला म्हणाले, "इतकी वर्षं याच्या पाठीवर बसलो, नाहीतर तबेल्यात समोर बसून बडबडलो. याच्या शेजारून कधी चाललोच नव्हतो रे. माझा गुडघा दुखतो, हे याला कळतं."

शिष्याने परतून सारे गुरूंना सांगितले आणि विचारले, "गुरुजी, घोड्याला नोकरानंही फिरवलं असतं. शेठजींनाच का थांबवलंत?"

वैद्य औषधाचा खल धूत होते. म्हणाले, "धावणाऱ्याला सगळ्या गावाची सोबत असते. थांबणारा एकटा पडला, की त्याला वाटतं आपण हरलो. पारव्याला शर्यतीतून काढणं माझ्या हातात होतं. त्याला हरू न देणं शेठजींच्याच हातात होतं."

शिष्याने गुरूंच्या हातातला खल घेतला आणि त्यांच्या शेजारी बसून तो धुऊ लागला.

आपल्या माणसाला 'आता पुरे' असे सांगण्याची वेळ येते, तेव्हा एवढेच पाहावे, की ते सांगून आपण त्याच्याजवळ बसणार आहोत, की उठून यात्रेला जाणार आहोत.