गळकं तळं

आंबेदऱ्याच्या माळावरचं तळं गळकं आहे. पाऊस संपून महिना झाला की तळ उघडा पडतो. पाहुणे हसतात, लिंपून का घेत नाही, विचारतात. लिंपायचं नाही, हीच तर रीत. तिची गोष्ट गावातली वडीलधारी मंडळी सांगतात, पण घसा खाकरून, स्वतःला अडचणीचं तेवढं गाळून. पुरी गोष्ट सुना सांगतात, ती अशी.

फार पूर्वी गावात पाणी नव्हतं. बायका लांबच्या नदीवरून हंडे वाहत. मग गावानं माळावर तळं खोदायला घेतलं. खोदाई भिवरा नावाच्या तरण्या सुनेकडे होती. पहार चालवण्यात तिचा हात धरणारा कुणी नव्हता म्हणे. तळाला चिकणमाती लागली. तिथंच थांबायचं होतं. भिवराला वाटलं, आणखी खाली गेलं तर पाणीही जास्त साठेल. तिनं चिकणमाती फोडून मुरूम उघडा केला. पंच काठावर बसून ‘वा, वा’ करत होते.

पावसाळ्यात तळं तुडुंब भरलं आणि दिवाळीला कोरडं पडलं.

तेच पंच आता म्हणाले, तळ्याला बळी हवा. जिनं तळ फोडला तिचाच. हिरवं लुगडं आलं, ओटीचा नारळ आला. भिवरानं सासऱ्याकडं पाहिलं. "मामंजी, तुम्ही तरी बोला."

"गावापुढं मी काय बोलणार, पोरी?" सासरा जमिनीकडं बघत म्हणाला.

भिवराचं डोकं भणाणलं. "चुकले मी," ती पंचांना म्हणाली. "चिकणमाती फोडायला नको होती. पण मी मेले म्हणून मुरूम पाणी धरणार आहे का? एवढं पाणी गेलं कुठं, ते तुमच्यातल्या एकानं तरी जाऊन बघितलं?"

"जीभ फार झाली बाईमाणसाला," थोरला पंच गुरगुरला.

"बळी द्यायला बाईमाणूस चालतं, बोलायला चालत नाही?"

लुगडं तिथंच टाकून, पहार उचलून ती उतार उतरू लागली. बळी पळतोय म्हणून अख्खं गाव मागं. सगळा उतार वाळलेला, पायथ्याच्या एका ओघळीत मात्र गवत हिरवं होतं. तिथं तिनं खणलं. खडक लागला, कोरडा ठणठणीत.

"झालं समाधान? चल आता," पंच म्हणाला.

तिनं खड्ड्याच्या कडा चाचपल्या. माळाकडच्या अंगाची माती हाताला ओल देत होती. ती त्या बाजूला सरकून पुन्हा खणू लागली. पुरुष बघत उभे राहिले. बायका पाट्या घेऊन माती ओढायला आल्या. दिवस कलताना करंगळीएवढी धार लागली. तळ्यातलं पाणी मुरमातून झिरपत तिथं आलं होतं.

पंचांनी झटकन हात जोडले. "देवी पावली! शेंदूर आणा!"

"शेंदूर फासलात तर हीच पहार डोक्यात घालीन," भिवरा म्हणाली. "आज मला देवी कराल, उद्या माझ्याच नावानं दुसरी सून बळी मागाल. त्यापेक्षा तळ्यात उतरा. तळाला गाळ बसला की पाणी खाली यायचं नाही. दर उन्हाळ्यात तो तुम्ही काढायचा. तुम्हीच."

भिवराचं देऊळ नाही. पायथ्याला विहीर आहे, ती आटत नाही. आजही अक्षय तृतीयेला गावातले पंच, पुढारी, सासरे धोतरं खोचून त्या तळ्यात उतरतात. सुना काठावर पाय सोडून शेंगा खात बसतात. कुणी कंबर धरून उभा राहिलाच, तर वरून आवाज येतो, "मामंजी, तो कोपरा राहिला."

आणि मामंजींना वाकावं लागतं.