हुलूप, टोपी धर!

लांब नाही, इथंच. सगुणाकाकूच्या दारात एक कट्टा. कट्ट्याला एक भोक. भोकात राहायचा हुलूप.

हुलूप म्हणजे काय? मांजर नाही. बेडूक नाही. लिंबाएवढा गोल, जांभळा जांभळा, आणि दात एकच. डोक्यावर वांग्याच्या देठाची हिरवी टोपी.

टोपी साधीसुधी नाही बरं! टोपी डोक्यावर, तर पाय जमिनीवर. टोपी पडली, की हुलूप निघाला वर. वर, वर, वर!

आणखी एक गंमत. हुलूपला उचकी लागली, की तो मारायचा कोलांटी. उचक्! गर्रकन्! आणि उचकी कधी लागते? कुणी आठवण काढली, की लागते.

हुलूपची मैत्रीण झिपरी. झिपरी खार. एवढीशी, पण घाई केवढी! तुरुतुरु, तुरुतुरु.

दोघं रोज चानकी खायची. भाकऱ्या झाल्या, की परातीत उरतं चिमूटभर पीठ. त्याची इवलीशी भाकरी, ती चानकी. काकू ती करायची छोट्या पमीसाठी. पमी खायची अर्धी. अर्धी ठेवायची कट्ट्यावर. ती हुलूपची आणि झिपरीची.

एकदा काय झालं, झिपरी बसली होती कुंपणावर. तिला वाटलं, "हुलूप काय करत असेल बरं?"

झालं! काढलीच ना आठवण!

तिकडे कट्ट्यावर, उचक्! गर्रकन्! टोपी पडली, टप्प. काऊताई आली, भुर्र. टोपी उचलली, घरट्यात नेली. आणि हुलूप निघाला वर.

"झिपरेऽ, मी चाललोऽ!"

झिपरी आली तुरुतुरु. गोधडीचा लांब दोरा घेतला. मारली उडी! एक टोक हुलूपच्या पायाला. एक टोक आपल्या शेपटीला.

"घाबरू नकोस. मी आहे ना!" झिपरी म्हणाली. पण गाठ तिनं दोनदा ओढून पाहिली. दोरा तो किती बारीक! तुटला तर?

झिपरी पळाली तुरुतुरु, तुरुतुरु. वर हुलूप, डुलूडुलू.

"काऊताई, काऊताई, टोपी दे!
टोपी हुलूपला,
नाहीतर हुलूप जाईल आभाळाला!"

"काव काव! देते गं. पण टोपी लावलीय माझ्या अंड्याखाली. काढली, की अंडं गडगडलं. आधी मऊ लोकर आण, मग टोपी ने."

झिपरी पळाली तुरुतुरु, तुरुतुरु. वर हुलूप, डुलूडुलू.

"मेंढीबाई, मेंढीबाई, लोकर दे!
लोकर काऊताईला,
टोपी हुलूपला,
नाहीतर हुलूप जाईल आभाळाला!"

"बें बें! देते गं. पण सकाळपासून पोटात काही नाही बघ. आधी हिरवा पाला आण, मग लोकर ने."

झिपरी पळाली तुरुतुरु, तुरुतुरु. वर हुलूप, डुलूडुलू. दोरा झाला ताठ. शेपटीही झाली ताठ.

"शेवगेदादा, शेवगेदादा, पाला दे!
पाला मेंढीबाईला,
लोकर काऊताईला,
टोपी हुलूपला,
नाहीतर हुलूप जाईल आभाळाला!"

"सळसळ, सळसळ! देतो गं. पण मुळांना घोटभर पाणी नाही. आधी पाणी आण, मग पाला ने."

झिपरी पळाली तुरुतुरु, तुरुतुरु. वर हुलूप, डुलूडुलू.

"हापसेभाऊ, हापसेभाऊ, पाणी दे!
पाणी शेवगेदादाला,
पाला मेंढीबाईला,
लोकर काऊताईला,
टोपी हुलूपला,
नाहीतर हुलूप जाईल आभाळाला!"

"कुईं कुईं! देतो गं. पण माझा दांडा बघ कसा ओरडतो. कुईं! मला अगदी लाजल्यासारखं होतं. आधी तेल आण, मग पाणी ने."

झिपरी पळाली तुरुतुरु, तुरुतुरु. वर हुलूप, डुलूडुलू. आणि अगं बाई! झिपरीचे मागचे दोन पाय उचलले. आता पळायचं पुढच्या दोनच पायांवर!

"सगुणाकाकू, सगुणाकाकू, तेल दे!
तेल हापसेभाऊला,
पाणी शेवगेदादाला,
पाला मेंढीबाईला,
लोकर काऊताईला,
टोपी हुलूपला,
नाहीतर हुलूप जाईल आभाळाला!"

काकूच्या कडेवर पमी. पमीनं लावलं होतं भोकाड. भ्यांऽऽ!

"देते गं बाई," काकू म्हणाली. "पण हात कुठं आहे मला? एका हाताला पीठ, एका हातात ही. कडेवरून उतरेल तर शपथ! आधी हिला हसव, मग तेल ने."

"पमाताई, पमाताई, हस ना!
हसू सगुणाकाकूला,
तेल हापसेभाऊला,
पाणी शेवगेदादाला,
पाला मेंढीबाईला,
लोकर काऊताईला,
टोपी हुलूपला,
नाहीतर हुलूप जाईल आभाळाला!"

"भ्यांऽऽ! आधी चानकी!" पमी म्हणाली.

"आधी उतर, मग चानकी," काकू म्हणाली.

"आधी चानकी, मग उतरते!"

"आधी उतर!"

"आधी चानकी!"

घ्या! आता काय करायचं? पुढं कुणाकडे जायचं? कुणी उरलंच नव्हतं.

झिपरीनं उंबऱ्याला घट्ट धरलं. डोळे मिटले. तिला रडू आलं. हुलूप गेला तर? चानकीचा मोठा तुकडा मला कोण देणार? माझ्या शेपटीत कोण लपणार? हुलूप... हुलूप... हुलूप...

केवढी आठवण काढली!

आणि वर काय झालं?

उचक्! गर्रकन्!
उचक्! गर्रकन्!
उचक्, उचक्, उचक्! गर्रकन्, गर्रकन्, गर्रकन्!

हुलूपचं डोकं खाली, पाय वर. पाय खाली, डोकं वर. एकच दात, लुकलुक लुकलुक.

पमीनं वर पाहिलं. भोकाड थांबलं. पमी म्हणाली, "खिक्."

मग म्हणाली, "खिक् खिक्."

मग काय! खिदीखिदी, खिदीखिदी! हसता हसता पमी उतरली कडेवरून.

पमी हसली, काकूचे हात मोकळे झाले. काकूनं तव्यावर चानकी टाकली आणि तेलाचा बोळा दिला. झिपरीनं तो तोंडात धरला. तुरुतुरु!

बोळा फिरला, दांडा गप्प झाला. हापसेभाऊनं पाणी दिलं, भळाभळा! पाणी पळत पळत शेवग्याच्या मुळाशी गेलं.

शेवगेदादानं पाला दिला, भरभर! मेंढीबाईनं पाला खाल्ला, मचमच! मेंढीबाईनं लोकर दिली, ही एवढी!

लोकर घेतली, आणि झिपरीचे चारही पाय सुटले! झिपरी निघाली वर, वर, वर. पण बरंच झालं. घरटं वरच तर होतं!

"काऊताई, ही घे लोकर! लवकर, लवकर!"

काऊताईनं अंड्याखाली लोकर घातली. टोपी चोचीत धरली. भुर्र! गेली उंच, आणि ठेवली हुलूपच्या डोक्यावर.

खाली, खाली, हळूहळू खाली. हुलूप आला, झिपरी आली. धप्प! धप्प!

झिपरीनं हुलूपला असं धरलं, असं धरलं, की त्याची टोपी वाकडी झाली. "अगं, टोपी, टोपी!" हुलूप ओरडला.

कट्ट्यावर चानकी होती. गरम गरम, वर लोण्याचा ठिपका. आज पमीनं अर्धी नाही ठेवली. अख्खी ठेवली! हुलूपनं तिचे दोन तुकडे केले. मोठा तुकडा कुणाला दिला? झिपरीला!

झिपरीला आठवण येते अजूनही. यायचीच! पण आता ती आधी हाक मारते, "हुलूप, टोपी धर!" आणि मग आठवण काढते.

आता पुस्तक मिटायचं. उद्या तुम्हाला हुलूप आठवेल. अंघोळीला आठवेल, जेवताना आठवेल. खुशाल आठवू दे. पण आधी काय म्हणायचं? मोठ्यानं म्हणा बघू!

"हुलूप, टोपी धर!"