मागाहून धुतलेले हात

"मग मरतात तरी कशानं?"

भूपाल उपाध्येनं तिसऱ्यांदा विचारलं.

मिरजेच्या दर्ग्यामागच्या बोळात खाजाचाचा आजारी पक्षी बरे करत. भूपाल त्यांच्याकडे तीन वर्षं शिकला आणि मग घरीच कॅनरी नि फिंच पाळू लागला. नाव झाल्यावर तो लोकांना सांगायचा, म्हाताऱ्याचं सगळं अंदाजपंचे असतं.

गेल्या महिन्याभरात त्याचे एकोणीस पक्षी गेले. उरला एक पिवळा कॅनरी नर. शिकून निघताना तो चाचांनीच त्याला दिला होता. त्यालाच घेऊन भूपाल आज आला होता.

आल्या आल्या त्यानं जुन्या सवयीनं दारातल्या पिंजऱ्यात हात घातला, एक फिंच धरली आणि तिच्या छातीचं हाड चाचपलं.

"ठणठणीत आहे," असं म्हणून सोडून दिली. जणू परीक्षा घ्यायलाच आला होता.

चाचांनी ते पाहिलं होतं. आता ते पिवळ्या नराकडे बघत होते. तो पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसला होता. खालचा कागद हिरवट पाण्यानं भिजला होता.

"विष्ठा तपासून आणलीय," भूपालनं रिपोर्ट पुढे केला. "आतड्याचा संसर्ग. औषध हे."

चाचांनी बाटली डोळ्यांपासून लांब धरून वाचली.

"औषध बरोबर आहे."

"आणि मी देतो ती मात्रा? दोन थेंब?"

"तीही बरोबर."

"मग?"

...

"सकाळी पहिला हात कुठल्या पिंजऱ्यात जातो?" चाचांनी विचारलं.

"जो जास्त आजारी, त्याच्या. राहवत नाही, चाचा. त्याला थेंब पाजतो, मग बाकीच्यांचं दाणापाणी."

"हात धुतोस?"

"साबणानं. रोज."

"कधी?"

"सगळं उरकल्यावर... जेवायला बसायच्या आधी."

चाचा हसले नाहीत. हसले असते तर भूपालला बरं वाटलं असतं.

ते उठले. दारातला सात फिंचचा तो पिंजरा त्यांनी आकड्यावरून काढला आणि मागच्या पडवीत, आजाऱ्यांच्या बाजूला नेऊन टांगला. मग मोरीत बसून कोपरापर्यंत हात धुतले. बराच वेळ धुतले.

"त्यांना काय झालंय?" भूपालनं विचारलं.

"अजून काही नाही."

...

भूपालचा चेहरा उतरला. त्याला आधी राग आला, मग भीती वाटली.

"एकोणीसच्या एकोणीस," तो म्हणाला, "माझ्या हातानं भरवलेत, चाचा."

"हो."

त्याचे डोळे भरून आले. पुसायला त्यानं हात वर नेला, आणि तो हात तसाच मध्ये राहिला.

पिवळा नर डोळे मिटून बसला होता.

"याला ठेवून घ्याल?"

"ठेव खाली. पडवीकडे जाऊ नकोस."

त्यानं पिंजरा जमिनीवर ठेवला. बाटलीही शेजारी ठेवली. तरी त्याचा पाय निघेना.

"औषध कधी सुरू करणार?"

"तू उंबऱ्याबाहेर गेलास की."