संगमाला उशिरा पोचलेली नाव

एकदा एक व्यापारी आपल्या मुलाच्या अस्थी घेऊन नावेने संगमाकडे निघाला, आणि चार दिवसांची ती वाट त्याने अकरा दिवस संपू दिली नाही.

मुलाचे नाव श्रीपती, वय बावीस. व्यापारी माल घेऊन परगावी गेला असताना त्याला ताप भरला आणि पाचव्या दिवशी तो गेला. निरोप मिळून बाप घरी पोचला तेव्हा सारे उरकले होते. अग्नी मामाने दिला होता. बापाच्या हाती तिसऱ्या दिवशी वेचलेल्या अस्थींची पांढऱ्या फडक्यात बांधलेली पोटली तेवढी आली.

श्रीपतीला नदीचे वेड होते. वडिलांची धान्य वाहणारी एका शिडाची जुनी नाव घाटाला लागली की तो तीत जाऊन बसे. एकदा आपण दोघांनीच हिच्यातून संगमापर्यंत जाऊ, माल न घेता, अगदी सावकाश, असे तो दरवर्षी म्हणे. बाप दरवर्षी म्हणे, एवढा हंगाम सरू दे.

आता व्यापाऱ्याने ती नाव धुऊन काढली. धान्याची पोती जिथे रचत, तिथे मऊ गाद्या आणि लोड टाकले. वर रेशमी छत बांधले. वाळ्याचे पडदे सोडले. श्रीपतीच्या आवडीचे पदार्थ करणारा घरचा आचारी बरोबर घेतला. सुतकातला माणूस जमिनीवर निजतो, अळणी खातो, एवढे कोणालाही ठाऊक असते. आप्तांनी तसे सुचवून पाहिले. तो म्हणाला, हे माझ्यासाठी नाही, त्याच्यासाठी आहे.

त्याची पत्नी चंद्राबाई आपल्या भावाबरोबर बैलगाडीने पुढे गेली. संगमावर उपाध्यायांना गाठून दहाव्या दिवसाच्या विधीची तयारी करायची होती. विसर्जन होईपर्यंत आपण अन्नाला शिवणार नाही, केवळ दुधावर राहू, असा तिने नेम धरला होता. निघण्यापूर्वी ती गावाबाहेरच्या मठात गेली. तिथे एक वृद्ध विरक्त राहत असत. त्यांच्या शब्दाला त्या पंचक्रोशीत मान होता आणि व्यापारी तर त्यांना गुरुस्थानी मानी. चंद्राबाईने त्यांना एवढेच विनवले, की यांच्याबरोबर नावेत बसा आणि यांना वेळेवर घेऊन या. वृद्धांनी होकार दिला. त्यांच्यासोबत त्यांचा तिशीतला एक शिष्यही निघाला.

अस्थींची पोटली जमिनीवर ठेवायची नसते, म्हणून ती डोलकाठीला बांधली होती. वारा आला की ती किंचित हले. गुरुशिष्यांना सुतकाचा संसर्ग नको म्हणून त्यांची चूल नावेच्या दुसऱ्या टोकाला वेगळी मांडली होती. सुकाणूवर लखू तांडेल होता. त्याने या नदीवर तीस वर्षे काढली होती.

पहिल्या दिवशी वारा चांगला होता. तरी दुपारी एका आमराईसमोर व्यापाऱ्याने शीड उतरवायला लावले. पाणी तिथे हिरवेगार आणि निश्चल होते. तो म्हणाला, इथे थोडे थांबू, त्याला अशा जागा आवडत. थोडे थांबता थांबता तो दिवस गेला. दुसऱ्या दिवशी एका पडक्या घाटाशी नांगर पडला, तिसऱ्या दिवशी बगळ्यांच्या बेटाशी. जेवणाच्या वेळी दोन ताटे वाढली जात. व्यापारी एका ताटावर बसे आणि दुसऱ्याकडे न पाहता सावकाश जेवे. मग दुसरे ताट तो स्वतः नदीत सोडी.

दिवस कलला की तो वृद्धांपुढे हात जोडून बसे आणि काही ऐकवा म्हणे. वृद्ध बोलत. देह हे वस्त्र आहे, प्रवाहात पडलेली दोन काष्ठे क्षणभर एकत्र येतात आणि दूर होतात, जे आपले नव्हते ते गेले म्हणून शोक कसला, अशा त्या गोष्टी होत्या. त्यांची वाणी संथ आणि रसाळ होती. व्यापाऱ्याच्या डोळ्यांतून धारा लागत. शिष्याने पुष्कळ प्रवचने ऐकली होती, पण गुरूंचे बोलणे असे खुललेले त्याने कधी पाहिले नव्हते.

एकट्या लखू तांडेलाचे मन रमत नव्हते. पाचव्या दिवशी त्याने शिष्याला बाजूला घेऊन सांगितले की आपण अजून तीन दिवसांचीही वाट कापलेली नाही. शिष्याने ते गुरूंच्या कानावर घातले. वृद्ध म्हणाले, त्याचे दुःख ताजे आहे.

सहाव्या दिवशी काठाने घोडा पिटाळीत चंद्राबाईचा भाऊ आला. त्याने काठावरूनच मेहुण्याला सांगितले की उद्या दहावा आहे, उपाध्याय खोळंबले आहेत, ताईला उठबस होत नाही. व्यापारी ओक्साबोक्शी रडला. उद्या पहाटे निघून कुठेही न थांबता येतो, असे त्याने वचन दिले. मेहुणा परत गेला.

सातव्या दिवशी पहाटे शीड चढले. प्रवाह सोबतीला होता आणि वाराही. असेच गेलो तर सूर्य मावळायच्या आत संगम गाठू, असे लखू म्हणाला. दुपारी नदीने एक मोठे वळण घेतले आणि पलीकडे शुभ्र वाळूचा किनारा दिसला. व्यापारी उठून उभा राहिला. बराच वेळ तो त्या वाळूकडे पाहत होता. मग त्याने शीड उतरवायला सांगितले.

श्रीपतीचा दहावा त्या वाळूसमोर टळला. संध्याकाळी वृद्ध बोलले, आणि ते बोलणे त्या साऱ्या प्रवासातले सर्वांत उत्कट बोलणे होते. व्यापाऱ्याने त्यांच्या पायांवर डोके ठेवले आणि म्हणाला, "आज मन शांत झालं, महाराज. उद्याही याच विषयावर बोला."

आठव्या दिवशी सकाळी वृद्धांनी आपली झोळी उचलली आणि लखूला फळी टाकायला सांगितले. शिष्याला वाटले, स्नानाला चालले असतील. वृद्ध काठावर उतरले आणि पायवाटेला लागले. व्यापारी धावत आला.

"अशा वेळी मला सोडून जाता, महाराज? माझं काय चुकलं?"

"चुकलो मी," वृद्ध म्हणाले, आणि मागे न पाहता चालू लागले.

शिष्य त्यांच्यामागून गेला खरा, पण त्याचे मन पेटले होते. बुडत्याचा हात धरायचा आणि मध्यावर सोडायचा, हे कोणते शास्त्र, असे त्याने वाटेत दोनदा विचारले. वृद्ध चालत राहिले. वाट काट्याकुट्यांची होती, ऊन तापले होते, आणि सात दिवसांच्या गादीनंतर पायांना दगड बोचत होते. दोन दिवस ते चालले.

संगमावरच्या धर्मशाळेत चंद्राबाई भिंतीला टेकून बसली होती. तिची बोटे काटकीसारखी झाली होती. आप्तांपैकी बरेचजण परतले होते. तिने आधी त्यांच्यामागे दाराकडे पाहिले. मग विचारले, "नाव कुठे आहे?"

वृद्धांनी सारे सांगितले. आमराई, बगळ्यांचे बेट, दोन ताटे, वाळूचा किनारा. काही लपवले नाही.

"तुम्ही त्यांना काही सांगितलं नाही?"

"रोज सांगत होतो. देह नश्वर आहे, हे."

चंद्राबाईने त्यांच्याकडे पाहिले. मग म्हणाली, "ते त्यांना ठाऊक आहे, महाराज. श्रीपती गेला, हे ठाऊक नाही."

वृद्धांनी मान खाली घातली. तिने आता तरी अन्न घ्यावे, असे वृद्धांनी तिला विनवले. ती नाही म्हणाली.

अकराव्या दिवशी दुपारी नाव आली. शीड पूर्ण फुगलेले होते आणि खलाशी वल्हीही मारीत होते. छत काढून टाकलेले होते. व्यापारी डोलकाठीपाशी पोटली छातीशी धरून उभा होता. तो उतरला तेव्हा त्याची दाढी वाढलेली होती आणि चेहरा दहा वर्षांनी म्हातारा दिसत होता. तो वृद्धांपुढे थांबला.

"तुम्ही गेलात त्या संध्याकाळी बोलणारं कोणी नव्हतं," तो म्हणाला. "दुसऱ्या संध्याकाळीही नव्हतं. काल मी त्याला नावाने हाक मारली. मोठ्यांदा मारली, महाराज. त्याने ओ दिली नाही."

पतिपत्नी दोघे गुडघाभर पाण्यात उभे राहिले. उपाध्यायांनी मंत्र म्हटले. व्यापाऱ्याने पोटलीची गाठ सोडायला घेतली, पण ती सुटेना. चंद्राबाईने ती सोडली. अस्थी पाण्यात गेल्या. काही क्षण पाण्यावर राखेचा एक पट्टा दिसला आणि दोन्ही नद्यांच्या पाण्यात मिसळून गेला. तेव्हा बाप पहिल्यांदा मुलाचे नाव घेऊन रडला. चंद्राबाईने त्याला रडू दिले. ती स्वतः रडली नाही. काठावर येऊन तिने भाताचे दोन घास खाल्ले आणि भावाला गाडी जोडायला सांगितली.

व्यापारी तिच्याजवळ गेला आणि नावेत जागा आहे म्हणाला.

"तुम्ही या सावकाश," ती म्हणाली.

या तीन शब्दांत राग नव्हता, आणि तेच त्याला सोसवले नाही. ती माहेरी गेली आणि वर्षभर तिथेच राहिली. पुढे ती घरी आली, संसार केला, नवऱ्याचे दुखलेखुपले पाहिले. पण मुलाचा दहावा का चुकला, हे तिने कधी विचारले नाही आणि त्यानेही कधी सांगितले नाही. नाव पुन्हा धान्य वाहू लागली.

गुरुशिष्य पायीच मठाकडे परतले. एका पिंपळाखाली विसाव्याला बसले असताना शिष्य म्हणाला, "तुम्ही उतरलात म्हणून तो पोचला, हे मला आता कळलं. मी तुमच्यावर रागावलो होतो, ते चुकलंच. पण मग आधीच का उतरला नाहीत?"

वृद्धांनी नदीकडे पाहिले. मग ते बोलू लागले.

"पहिले दोन दिवस मला वाटलं, याला थोडा अवकाश द्यावा. त्यात खोट नव्हती. तिसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात आलं, की हा माझं ऐकत नाही, माझ्या बोलण्यावर रेलून बसतो. त्याच्या नावेत लोड होते, वाळ्याचे पडदे होते, तसाच संध्याकाळी मी होतो. मरणाविषयी पुरेसं सुंदर बोललं, की मेलेल्या माणसाचं नाव घ्यावं लागत नाही. सात दिवसांत मी श्रीपती हा शब्द एकदाही उच्चारला नाही."

"तिसऱ्याच दिवशी कळलं होतं?"

"कळलं होतं. पण माझं बोलणं इतक्या आर्ततेने आजवर कोणी ऐकलं नव्हतं. दुपार झाली की मी संध्याकाळची वाट पाहू लागे. ती बाई तिकडे दुधावर दिवस काढत होती, हे मला ठाऊक होतं. तरी रोज मी मनाशी म्हणे, आज एवढं सांगून होऊ दे."

शिष्याने मान खाली घातली. तो हलक्या आवाजात म्हणाला, "मलाही त्या नावेतून उतरावंसं वाटत नव्हतं."

वृद्धांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दोघेही उठले आणि उरलेली वाट चालू लागले.

दुःखी माणसाजवळ बसलेल्याने अधूनमधून स्वतःला विचारून पाहावे, आपण इथे अजून कोणासाठी बसलो आहोत.